झोपेत घालायची लेन्स आणि वीस मायक्रॉनचा हिशोब

डोळ्यांत लेन्स ठेवून झोपू नका, हे लेन्स वापरणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी बजावलेलं असतं. अशात कुणी सांगितलं की एक लेन्स फक्त झोपेतच घालायची, सकाळी काढून डबीत ठेवायची आणि मग दिवसभर चष्म्याशिवाय लख्ख दिसतं, तर ऐकणारा आधी संशयानं बघतो. मीही बघितलं होतं. वर्षानुवर्षं उशाशी चष्मा चाचपडत उठणाऱ्याला असली गोष्ट कुणी काहीतरी विकायला आल्यासारखीच वाटते.

पद्धत मात्र खरी आहे, साठ वर्षांहून जुनी आहे आणि तिचं नाव ऑर्थोकेराटॉलॉजी. एवढं लांब नाव कुणी घेत नाही; डॉक्टर आणि वापरणारे, सगळेच ‘ऑर्थो-के’ म्हणतात. तिच्याबद्दल दोन टोकांची मतं कानावर येतात. एक म्हणजे ‘नंबर कायमचा जातो’, आणि दुसरं ‘डोळा दाबून चपटा करतात, भयंकर प्रकार आहे’. दोन्ही चूक. ती का चूक आहेत, हे कळायला एक आकडा लक्षात ठेवला की पुरतो: ५० मायक्रॉन. त्याच्याकडे येऊच. आधी मायनस नंबर नेमका असतो कुठे ते बघू.

नंबर कुठे असतो?

मनगटी घड्याळावर काच असते तशी डोळ्याच्या काळ्या भागावर एक पारदर्शक, किंचित फुगीर काच बसवलेली असते. हा कॉर्निया. (मराठीत त्याला ‘पारपटल’ असा छान शब्द आहे, पण डॉक्टरांच्या खोलीत तो मी कधी ऐकलेला नाही.) डोळ्याच्या मागच्या भिंतीवर पडदा. बाहेरून आलेला प्रकाश वळून, गोळा होऊन बरोबर या पडद्यावर एका बिंदूत यायला हवा. डोळ्याची प्रकाश वळवण्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर. डायॉप्टर म्हणजे आपल्या चष्म्याचा ‘नंबर’ ज्या एककात मोजतात ते. या साठातले चाळीसहून जास्त एकटा कॉर्निया सांभाळतो. आतल्या नैसर्गिक भिंगाचं कौतुक फार होतं, पण मुख्य काम या पुढच्या काचेचंच आहे.

मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो. मायनस नंबरवाल्यांपैकी बहुतेकांचा डोळा त्यांच्या कॉर्नियाला झेपेल त्याहून लांब झालेला असतो. प्रकाश पडद्याच्या अलीकडेच गोळा होतो आणि पडद्यावर पोचेपर्यंत पुन्हा विस्कटतो. म्हणून लांबचं धूसर. लांबी एक मिलिमीटरनं वाढली तर नंबर साधारण अडीच-तीननं वाढतो. दरवर्षी मुलाचा ‘नंबर वाढला’ म्हणतात, तेव्हा आत बहुतेक वेळा डोळाच लांबत असतो.

लांबलेला डोळा आखूड करता येत नाही. उरतो एकच मार्ग: प्रकाश थोडा कमी वळवायचा, म्हणजे तो जरा मागे जाऊन पडद्यावर गोळा होईल. चष्म्याची मायनस काच हे डोळ्याच्या बाहेर राहून करते. लेझर शस्त्रक्रिया कॉर्नियाचा मधला भाग कोरून सपाट करते. ऑर्थो-के तोच मधला भाग सपाट करते, पण न कोरता आणि फक्त एका दिवसापुरता.

लेन्सच्या खाली रात्रभर काय चालतं?

कॉर्नियाची जाडी मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त, साधारण ५४० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या ५४०मधला सगळ्यात वरचा थर म्हणजे पाच-सहा पेशींचं एक पातळ आवरण. त्याला एपिथेलियम म्हणतात, आणि त्याची जाडी ५० मायक्रॉन. डोक्याचा केससुद्धा बहुधा याहून जाड निघेल. हे आवरण जिवंत आणि लवचीक असतं. आठ-दहा दिवसांत जुन्या पेशी जाऊन पूर्ण नवं होतं. ऑर्थो-केचा सगळा व्यवहार या आवरणाशी आहे. खालचे ४९० मायक्रॉन जवळपास जिथल्या तिथे राहतात.

सुरुवातीला तज्ज्ञांनाही वाटायचं की अख्खा कॉर्निया वाकत असणार. १९९८ साली ऑस्ट्रेलियात हेलन स्वारब्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाडी मोजली, तेव्हा दिसलं की मध्यभागी आवरण पातळ होतं आणि त्याभोवतीच्या कड्यात कॉर्निया थोडा जाड होतो. ‘डोळा चपटा करतात’ हे म्हणणं इथेच निकालात निघतं. चपटं होतं ते डोळ्यावरचं आवरण, तेही मधल्या चार-पाच मिलिमीटरात.

आणि हे लेन्सच्या वजनानं किंवा रेट्यानं होत नाही. नीट बसलेली लेन्स मध्यभागी कॉर्नियाला टेकतही नाही. मध्ये अश्रूंचा काही मायक्रॉनचा थर राहतो. लेन्सची आतली बाजू मुद्दाम विचित्र घडवलेली असते. मध्यभागी ती कॉर्नियापेक्षा सपाट, त्याच्याभोवती एकदम खोल गेलेलं एक कडं, मग कॉर्नियाच्या उताराला समांतर जाणारा पट्टा, आणि शेवटी अश्रूंची ये-जा व्हावी म्हणून किंचित उचललेली कड. मध्यभागचा अश्रूंचा पापुद्रा इतका पातळ की तिथे आवरणावर दाब येतो. खोल कड्यात अश्रू साठलेले, तिथे उलट ओढ लागते. मध्ये ढकल, बाजूला ओढ. रात्रीच्या सात-आठ तासांत पेशी त्या दिशेनं दबतात, आवरण नवा आकार घेतं.

हे डोळ्यांनी बघता येतं. डॉक्टर नारिंगी रंगाची एक छोटी कागदी पट्टी पापणीच्या आतल्या बाजूला टेकवतात. तिच्यातला फ्लुरोसीन नावाचा रंग अश्रूंत मिसळतो. मग यंत्रापुढे हनुवटी टेकवायची आणि वर निळा प्रकाश. जिथे अश्रू साठलेत तिथे पोपटी हिरवं चमकतं, जिथे थर पातळ तिथे काळोख. चांगल्या बसलेल्या लेन्सखाली काळी चकती दिसते, तिच्याभोवती झगझगीत हिरवं कडं, मग पुन्हा रुंद काळा पट्टा आणि अगदी काठाला हिरवी रेघ. नेमबाजीच्या निशाण्यासारखं चित्र. ते बुबुळाच्या मधोमध असेल तर काम झालं. चित्र वर सरकलं असेल तर सकाळी नजरेत भुताटकी: एकाच अक्षराच्या दोन सावल्या, आणि नसलेला सिलिंडर नंबर (उभ्या-आडव्या दिशांना वेगवेगळा असतो तो).

हिशोब

इथे एक सोपं गणित आहे, आणि माझ्या मते या पद्धतीबद्दल लोक जे जे प्रश्न विचारतात त्यातल्या निम्म्यांची उत्तरं त्यात आहेत. ते मुळात लेझर शस्त्रक्रियेसाठी मांडलेलं. सपाट करायच्या गोलाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, नंबरानं गुणा आणि तीननं भागा. उत्तर मिळतं, मध्यभागी किती मायक्रॉन जाडी कमी करावी लागेल.

नंबर तीन आहे आणि गोल चार मिलिमीटरचा धरू. चारचा वर्ग १६, गुणिले ३, भागिले ३: सोळा मायक्रॉन. पन्नासाच्या आवरणातून सोळा. जमण्यासारखं आहे. आता नंबर सहा घ्या आणि गोल पाच मिलिमीटरचा. पंचवीस गुणिले सहा, भागिले तीन: ५० मायक्रॉन. म्हणजे अख्खं आवरणच संपलं! अर्थात प्रत्यक्षात तसं होत नाही. पंधरा-वीस मायक्रॉनच्या आसपास पेशी आणखी दबायला तयार नसतात, त्यामुळे नंबर मोठा असेल तर सपाट झालेला गोल लहान करावा लागतो.

म्हणून ऑर्थो-के साधारण चार नंबरापर्यंत मजेत चालते, सहापर्यंत कसरत करते आणि त्यापुढे बहुधा दमते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २००२ साली झोपेत घालायच्या ऑर्थो-के लेन्सना पहिली परवानगी दिली, ती मायनस ६ आणि सिलिंडर १.७५ इथवरच. आता ती मर्यादा मनमानी वाटू नये.

रात्रीच्या तक्रारीचं मूळही इथेच सापडतं. उजेडात बाहुली लहान असते, तीन-चार मिलिमीटरची. सगळा प्रकाश सपाट गोलातून आत येतो. अंधारात तरुण माणसाची बाहुली सहा-सात मिलिमीटरपर्यंत उघडते. मग प्रकाश गोलाच्या कडेबाहेरूनही शिरतो, जिथे कॉर्निया जाड झालेला आहे. रस्त्यावरच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात ती त्यामुळे. नंबर जितका मोठा तितका गोल लहान, तितकी वलयं ठळक. रात्री खूप गाडी चालवणाऱ्यांनी हे आधी ऐकून घ्यावं.

आणि ‘कायमचा नंबर जातो का?’ जे आवरण एका रात्रीत दबलं, ते सोडलं की पुन्हा उभं राहणारच. दिवसभरातही थोडा नंबर परत येतो, संध्याकाळपर्यंत अर्ध्या-पाऊण नंबराच्या आत-बाहेर. लेन्स पूर्ण थांबवली तर काही दिवसांत बराचसा आणि काही आठवड्यांत सगळा नंबर परत जागेवर येतो. याला कुणी तोटा म्हणेल. मला हा तिचा मोठा गुण वाटतो: लेझरनं कोरलेलं परत येत नाही, इथे पटलं नाही तर सोडून देता येतं.

आधी का जमत नव्हतं?

१९६२ साली शिकागोच्या जॉर्ज जेसन यांनी मुद्दाम सपाट कडक लेन्स घालून नंबर उतरवण्याची कल्पना मांडली. त्या लेन्स पीएमएमए या प्लास्टिकच्या होत्या, विमानाच्या खिडक्यांना वापरतात त्या जातीच्या. त्यातून प्राणवायू आरपार जात नाही, त्यामुळे दिवसाच घालाव्या लागत. शिवाय आत-बाहेर सरळसाधा सपाट आकार असल्यानं लेन्स मध्यावर राहायचीच नाही, वर सरकायची. महिनोन्महिने जोडीवर जोडी बदलून हाती काय लागायचं? ऐंशीच्या दशकात अमेरिकेत बर्कली इथे नीट अभ्यास झाला, त्यात सरासरी नंबर उतरला तो सुमारे एक.

मग दोन गोष्टी जुळल्या. १९८९च्या सुमारास खोल कड्याची लेन्स आली. त्या कड्यानं लेन्स मध्यावर धरून ठेवली आणि परिणाम दिवसांवर आणला. दुसरी गोष्ट प्राणवायूची. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, तो श्वास थेट हवेतून घेतो. डोळा मिटला की पुरवठा पापणीच्या आतल्या रक्तवाहिन्यांवर येतो, आणि तो उघड्या हवेच्या साधारण एक-तृतीयांश. त्यात वर लेन्स. म्हणजे झोपेत घालायची लेन्स प्राणवायूला जवळजवळ अडवणारच नाही अशा पदार्थाची हवी. तसे कडक पण वायू सोडणारे पदार्थ तयार झाले आणि ऑर्थो-के दिवसातून रात्रीत गेली.

पहिला आठवडा आणि रोजची सकाळ

सुरुवातीला कॉर्नियाच्या चढ-उतारांचा नकाशा काढतात, टोपोग्राफी. त्यावरून लेन्स निवडतात. पहिल्या रात्री डोळ्यात काहीतरी गेल्यासारखं खुपतं, पण मिटलेल्या पापणीखाली ते बरंच कमी होतं. बराचसा बदल पहिल्या दोन-तीन रात्रींतच होतो, पुरता बसायला आठ-दहा दिवस. मधल्या दिवसांत मोठी अडचण: जुना चष्मा आता जास्त नंबराचा आणि चष्म्याशिवायही पुरतं दिसत नाही. त्यासाठी कमी-कमी नंबराच्या वापरून टाकायच्या मऊ लेन्स देतात. या आठवड्यात गाडी न चालवलेली बरी.

रोजच्या सकाळचा एक बारकावा मात्र जन्मभर पाळायचा. रात्रभरात लेन्सखालचे अश्रू घट्ट होतात आणि लेन्स चिकटलेली असते. उठल्या-उठल्या ती ओढली तर तिच्याबरोबर पेशीही खरवडल्या जाऊ शकतात. म्हणून आधी डोळ्यात थेंब टाकायचे, काही मिनिटं थांबायचं, खालच्या पापणीनं कडेला हलकेच दाबायचं आणि आरशात बघत डोळा मिचकवायचा. लेन्स सरकली? मगच काढायची. लेन्स ओढून काढायचा रबरी चूषक असेल तर तोही हलणाऱ्या लेन्सलाच लावायचा. घाईच्या सकाळी ही पाच मिनिटं फार लांब वाटतात, आणि नेमकी तेव्हाच चूक होते.

खरी भीती कशाची

खरी भीती जंतुसंसर्गाची. मिटलेला डोळा, कमी प्राणवायू, लेन्सखाली साचलेले अश्रू आणि पातळ झालेलं आवरण. जंतूंना याहून बरी जागा मिळायची नाही. कॉर्नियावर जखम झाली तर भरताना पांढरा डाग राहू शकतो, आणि तो मधोमध पडला तर नजर जाते. २०००च्या आसपास चीन, तैवान, हाँगकाँगकडून अशा रुग्णांच्या बातम्या येऊ लागल्या. नोंद झालेल्या पहिल्या पन्नास रुग्णांचा आढावा २००५ साली आला. त्यात सुमारे तीस टक्क्यांत जंतू होता अकांथअमिबा. हा अमिबा नळाच्या पाण्यात आरामात राहतो, आणि डोळ्यात शिरला तर महिनोन्महिने हटत नाही.

म्हणजे त्यातल्या मोठ्या वाट्याला कारण लेन्सचा आकार नव्हताच, पाणी होतं. लेन्स नळाखाली धुणं, डबी पाण्यानं विसळून ठेवणं, ओल्या हातानं लेन्स उचलणं. उकळलेलं, गाळलेलं, बाटलीतलं, कुठलंही पाणी नको. हात साबणानं धुऊन कोरडे पुसायचे आणि लेन्सला फक्त तिचं द्रावण. डबी दर महिन्या-दोन महिन्यांनी फेकायची. ती धुऊन चकचकीत दिसते म्हणून ठेवू नये. तिच्या आतला बुळबुळीत थर डोळ्यांना दिसत नाही.

धोका किती? अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत वर्षाला दर १०,००० वापरणाऱ्यांमागे ७.७ असा दर निघाला, आणि फक्त मुलांचा वेगळा काढला तर १३.९. मात्र तो अवघ्या दोन रुग्णांवरून काढलेला, म्हणून दशांशचिन्हावर फार भिस्त ठेवू नये. धोका लहान आहे, शून्य नाही, आणि तो बराचसा न्हाणीघरातल्या बेसिनपाशी ठरतो. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसलं, तर त्या रात्री लेन्स घालायची नाही आणि सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठायचा.

डोळे फार कोरडे असतील, कॉर्निया शंकूसारखा पुढे येण्याचा आजार असेल किंवा वरचेवर डोळे येत असतील, तर या वाटेला न गेलेलंच बरं. आणि झोप जेमतेम चार तास असेल तर पुरता परिणाम मिळत नाही.

मुलांसाठी ही लेन्स वेगळीच

मोठ्या माणसासाठी ऑर्थो-के ही सोय आहे. मुलांच्या बाबतीत हेतू निराळा: डोळा लांबण्याचा वेग कमी करणं. फार लांबलेल्या डोळ्याचा पडदा ताणलेला असतो, आणि पुढच्या आयुष्यात पडदा सुटणं, काचबिंदू अशा गोष्टींची शक्यता वाढते. चष्म्यानं नजर स्पष्ट होते, पण ही शक्यता कमी होत नाही.

हाँगकाँगमध्ये पॉलिन चो आणि सिन-वान च्यूंग यांनी ६ ते १० वर्षांच्या मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. एकाला साधा चष्मा, एकाला ऑर्थो-के. २०१२ साली निकाल आला. दोन वर्षांत चष्म्याच्या गटाचे डोळे सरासरी ०.६३ मिलिमीटरनं लांबले, ऑर्थो-केच्या गटाचे ०.३६नं. वाढ ४३ टक्क्यांनी कमी. ऐकायला जोरदार, पण मिलिमीटरांत फरक ०.२७चा, नंबराच्या भाषेत पाऊणच्या आसपास. लांबणं थांबलेलं नाही, रेंगाळलंय.

हे का होतं याचं सर्वाधिक मानलं जाणारं स्पष्टीकरण पुन्हा त्या जाड कड्याशी जाऊन पोचतं. मधल्या सपाट भागातून आलेला प्रकाश पडद्याच्या मध्यावर नीट पडतो. कड्यातून आलेला जास्त वळतो आणि पडद्याच्या कडांपुढेच गोळा होतो, आणि डोळ्याला जणू इशारा मिळतो की आता आणखी लांबायची गरज नाही. साध्या चष्म्यात कडांवर बहुधा उलटं घडतं. म्हणजे जे कडं मोठ्या माणसाला रात्री दिव्यांभोवती वलयं दाखवून छळतं, तेच मुलाच्या कामी येतं.

दोन गोष्टी पालकांनी आधीच ठरवून टाकाव्यात. वयाच्या चौदाव्या वर्षाआधी लेन्स सोडली तर लांबण्याचा वेग पुन्हा वाढल्याचं आढळलं आहे, त्यामुळे हे वर्षा-दोन वर्षांचं काम नाही. आणि सात वर्षांचं मूल लेन्स स्वतः सांभाळणार नाही. रोज रात्री-सकाळी हात धुवून उभा राहणारा मोठा माणूस तुमच्या घरी कोण आहे?

राहिली तपासणी. ऑर्थो-के घालणाऱ्या मुलाचा नंबर तपासला तर तो शून्याच्या आसपासच येणार, कारण आदल्या रात्री आवरण दाबलेलं आहे. आत डोळा लांबतोय की नाही, हे त्या शून्यातून कळत नाही. त्यासाठी प्रकाशानं डोळ्याची लांबी मोजणारं यंत्र असतं; डोळ्याला हात न लावता काही सेकंदांत मोजतं. लेन्स सुरू करण्याआधीची लांबी लिहून घ्यायची आणि दर सहा महिन्यांनी विचारायचं, ‘आता किती मिलिमीटर?’